हळदीचा कुकर, गिअरबॉक्सचा ताप आणि सुर्लीचा घाट

आमच्या घरात निर्णय कुणी घेत नाही. ते आपोआप होतात आणि मग गाडी कोण चालवणार एवढाच प्रश्न उरतो. या वेळी उत्तर मी होते.

झालं असं की माझी नणंद, शालन वन्सं, तासगावच्या अलीकडे एका गावात राहते. तिनं आणि गावातल्या चार बायकांनी मिळून हळद शिजवायचा कुकर घ्यायचं ठरवलं. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते, हा स्वयंपाकघरातला नव्हे. दोन चाकांच्या गाड्यावर बॉयलर, पाण्याची टाकी आणि माणूस आत उभा राहील असे दोन ड्रम. ड्रमात ओली हळद भरायची, खालून वाफ सोडायची, शिजली की बाहेर काढून वाळत घालायची. वाईजवळच्या एका खेड्यात असा जुना कुकर विकायला होता. वन्संचा सौदा झाला, पहिलं गिऱ्हाईकही ठरलं. फक्त त्या गिऱ्हाइकानं सांगून ठेवलं होतं, "ठरल्या दिवशी सकाळी सातला कुकर रानात पायजे. न्हाई आला तर मी दुसऱ्याला बोलावणार. बायकांच्या भरवशावर हळद कुजवायची न्हाई मला." गावातले निम्मे लोक हेच होण्याची वाट बघत होते.

एरवी असा कुकर ट्रॅक्टरला जोडून नेतात. पण उसाच्या हंगामात मोकळा ट्रॅक्टर मिळणं म्हणजे लग्नसराईत आचारी मिळण्यासारखं. मग सगळ्यांच्या नजरा आमच्या पिकअपकडे वळल्या. माझ्या नवऱ्यानं, महेशनं, ती दोन वर्षांपूर्वी हौसेनं घेतली, ऑटोमॅटिक आणि मागे ट्रेलर ओढायचा हूक लावलेली. त्या हुकाला आजवर फक्त माझी साडी अडकली होती. महेश नोकरीला पुण्यात, त्याला रजा नाही. म्हणून साताऱ्याहून मी निघाले.

सकाळी सहाला खाली आले तर माझे सासरे गाडीत पुढच्या सीटवर बसलेले. बुटांना पॉलिश, डोक्याला टोपी. मी त्यांना मामा म्हणते. सतरा वर्षं त्यांनी फौजेत ट्रक चालवलाय, आणि उरलेली वर्षं ते सांगण्यात घालवलीत.

"गाडी बघाय येतोय मी," ते म्हणाले. "त्या कुकराशी माझा काय संबंध न्हाई."

त्याचंही कारण होतं. दिवाळीत वन्संनी कुकरचा विषय काढला तेव्हा मामा म्हणाले होते, "बॉयलर म्हंजी काय पोळपाट हाय व्हय? फुटला तर गाव गोळा करावं लागंल." तेव्हापासून बापलेकीचं बोलणं माझ्यामार्फत चाललं होतं. "तिला सांग" आणि "त्यांना सांगा" यांत माझा अर्धा हिवाळा गेला.

वाईच्या बाजूला जायचं असेल तर सकाळीच जा. धुकं असतं, गव्हाची शेतं असतात आणि रस्त्यावर गर्दी कमी. कुकरवाल्यांच्या घरी आम्ही आठला पोचलो. त्यांनी चहा, पोहे, पुन्हा चहा असा आग्रह केला. आम्ही आत खात होतो तोवर घरातली आजी हळदीकुंकवाचं ताट घेऊन कुकरचा निरोप घ्यायला बाहेर गेली. आठ वर्षं दारात राबलेलं यंत्र, तिचे डोळे भरून आले होते. मलाही बरं वाटलं ते बघून. त्या वेळी बाहेर जाऊन नीट बघितलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

कुकर जोडला, साखळी लावली, मागचे दिवे तपासले. विकणारे म्हणाले, "रिकामा हाय, हजार किलोच्या आतच. तुमच्या गाडीला कळणार बी न्हाई."

गाडीला कळलं.

आता थोडं कामाचं. ऑटोमॅटिक गाडीत पायाखाली क्लच नसतो, त्याचं काम आतलं तेल करतं. मागे ओझं असलं आणि वर चढ आला की ते तेल घुसळलं जातं आणि तापतं. फार तापलं की जळतं, आणि मग गिअरबॉक्सच्या खर्चात एखादी बऱ्यापैकी म्हैस येते. आमच्या गाडीत या तेलाचं तापमान समोरच्या पडद्यावर दिसतं. नेहमी नव्वदच्या आसपास असतं. सातारा ओलांडून उंब्रजला येईपर्यंत सपाट हायवेवर ते एकशे आठ झालं होतं.

"मामा, तेल तापतंय."

"आगं, गाडीत दमच न्हाई. आमची फौजेतली तीन टनी आसती तर..."

तीन टनीची गोष्ट मिसळ येईपर्यंत चालली. उंब्रजला हायवेलगत मिसळ बरी मिळते, तिखट मागून घ्यावी लागते, पाव मात्र ताजा असतो. आम्ही खाईपर्यंत तेल पंच्याण्णवला आलं. मला वाटलं, झालं. पुढे कराडला हायवे सोडून विट्याच्या रस्त्याला लागलो आणि ओगलेवाडी ओलांडली तेव्हा पुन्हा एकशे दहा. जिथे विचार करायला हवा होता तिथे मी एसी बंद केला आणि काचा खाली केल्या. तो उपायही चांगलाच आहे, पण ते ताप आलेल्या माणसाची चादर काढण्यासारखं झालं. ताप का आला हे मी विचारलंच नाही.

सुर्लीचा घाट फार मोठा नाही. मोकळ्या गाडीला तो कधी सुरू झाला आणि कधी संपला ते कळत नाही. आमच्यापुढे मात्र दोन ट्रॉल्या ऊस ओढणारा ट्रॅक्टर होता, चालीच्या वेगानं. गिअर 'डी'वर होता, आणि गाडी बिचारी वरचा टाकू की खालचा या विचारात सारखी धक्के देत होती. एकशे अठरा. एकशे चोवीस. मग लाल दिवा लागला आणि टुंग टुंग वाजायला लागलं. करपलेल्या तेलाचा वासही आला. मी कडेला जागा बघून गाडी उभी केली आणि चाकांमागे दगड लावले.

इथे आमचं पहिलं युद्ध झालं. मामांचं म्हणणं, इंजिन बंद कर, बॉनेट उघड, पाणी मार. माझं म्हणणं, गाडी पार्किंगमध्ये टाकायची पण इंजिन चालूच ठेवायचं, म्हणजे तेल फिरत राहतं आणि थंड होतं. बंद केलं तर गरम तेल आहे तिथेच बसतं.

"तापलेल्याला आजून पळवतीस व्हय?" मामा ओरडले.

"पळवत नाही, उभ्या उभ्या वारा घालते!"

"पुस्तकात वाचून गाडी चालत नसती, पोरी."

"पुस्तक गाडीसोबतच आलंय मामा, डब्यात आहे. वाचा."

त्यांनी वाचलं नाही. खाली उतरून माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. मी घड्याळ बघितलं, साडेबारा. उद्या सकाळी सात. गिअरबॉक्स इथेच बसला तर सकाळी वन्संच्या दारात कुकरऐवजी मी उभी राहणार होते, हात हलवत. खरं सांगते, मला रडायला आलं होतं.

वर गेलेला उसाचा ट्रॅक्टर तेवढ्यात वळणापलीकडे थांबला आणि त्याचा ड्रायव्हर चालत खाली आला. चाळिशीचा, कपाळाला उपरणं बांधलेला. त्यानं पिकअपकडे बघितलंच नाही, सरळ ट्रेलरच्या टायरकडे बघितलं.

"वैनी, टायर बसल्यात की. आत काय भरलंय?"

"काही नाही. रिकामा आहे."

त्यानं हातातल्या पान्यानं टाकीवर टक् केलं. रिकाम्या टाकीचा ठणठण आवाज यायला हवा. आला धप्प.

"ही गच्च भरलीय. आन् ड्रम बी बगा."

झाकण उघडलं तर टाकी काठोकाठ पाण्यानं भरलेली. एका ड्रमात गव्हाची दोन पोती, पाच नारळ आणि एक हिरवा खण. मी तिथूनच वाईला फोन लावला. आजीनंच उचलला.

"आवं, रिकामं भांडं कुनी दारातनं लावून देतं व्हय?" ती म्हणाली. "आठ वर्सं लेकीवानी व्हता. तुमी आत खात व्हता तवा गड्याकडनं मोटर लावून वटी भरून धाडलाय. पानी बी आमच्या हिरीचं हाय, गोड हाय, तितं लगीच शिजवाय घालता येतंय. गोड लागलं का?"

आजीला काय बोलणार? "हो, गोड आहे," म्हणाले मी. टाकीवर लिहिलेलं वाचलं तर सहाशे लिटर. पाणी म्हणजे लिटरला किलो, हिशोब कुणालाही जमेल. सकाळपासून मी जो ट्रेलर ओढत होते तो दीडपटीहून जड होता.

ट्रॅक्टरवाला पोट धरून हसला. मग मामा हसले, मग मीही. तोटी सोडली. सुर्लीच्या घाटात वाईचं गोड पाणी वाहत गेलं. ट्रॅक्टरवाल्यानं त्यातून दोन कॅन भरून घेतले. शेवटी मामा म्हणाले, "समदं सांडू नगंस. तांब्याभर ऱ्हाऊ दे. म्हातारीनं मनापास्नं दिलंय." मी तोटी बंद केली. गव्हाची पोती ट्रॅक्टरवाल्याच्या, मामांच्या आणि माझ्या अंगबळानं पिकअपच्या हौद्यात आली, म्हणजे ट्रेलरचा भार तरी कमी झाला.

या सगळ्यात पंचवीस मिनिटं गेली. इंजिन चालूच होतं. पडद्यावर पंच्याण्णव.

मामा आत डोकावले. आकडा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. "मिलटरीत आसलं न्हवतं," एवढंच म्हणाले.

उरलेला घाट मी गिअर हातानं दुसऱ्यात अडकवून चढले. ही गोष्ट लक्षात ठेवा: ओझं असताना गाडीला निवडायला देऊ नका, तुम्हीच खालचा गिअर धरून ठेवा. इंजिन ओरडतं, ओरडू द्या. वेग पंचवीस-तीसच्या वर गेला नाही. मामा आकडे वाचत होते, दवाखान्यातल्या नर्ससारखे. "शंबर. एकशे तीन. एकशे दोन. उतरतोय ताप, उतरतोय."

माथ्यावरून पुढे थोडा उतार लागला. आणि मामांचा हात सवयीनं गिअरकडे गेला. उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवायचं, हे त्यांच्या हाडात मुरलंय. मागे हजार किलो ढकलत असताना न्यूट्रल केलं तर गाडी कोण धरणार? मी फाडकन त्यांच्या हातावर चापट मारली.

सुनेनं सासऱ्याला मारलं. मामांनी टोपी सारखी केली आणि ते खिडकीबाहेर बघायला लागले.

कडेगाव गेलं. विटा आलं. आम्ही चहाला थांबलो. मामा बशीतला चहा संपवून म्हणाले, "कमांडरनं बी कवा हात लावला न्हवता मला."

"चुकलं मामा."

"न्हाई चुकलं," ते म्हणाले. "म्या वाचलं ते पुस्तक. आत्ता, तू चहा सांगाय गेलतीस तवा. न्यूट्रल करू नगा, लिवलंय." मग दुसरीकडेच बघत, "शालनला बी म्या बॉयलरचं न वाचताच बोललो."

शेजारच्या बाकावर एक माणूस बसला होता, केरळात सोनं गाळायचं दुकान चालवणारा, गावी आलेला. त्यानं सगळं ऐकलं होतं. म्हणाला, "पावनं, तापाचं काम आसंच आसतंय. अंदाजानं न्हाई, काट्यानं चालतंय." मामांनी त्याला पण चहा पाजला.

गावात पोचलो तेव्हा साडेपाच वाजले होते. पाचही बायका वेशीवर. शालन वन्सं आधी कुकरला हात लावून आली, मग मला मिठी मारली, मग बापासमोर थांबली.

"बाबा, तुमी?"

"गाडी बघाय आलतो," मामा म्हणाले. मग घसा खाकरून, "तुजा कुकर बी बघितला वाटंत. बरा हाय."

दिवाळीनंतर तिच्याशी थेट बोललेलं ते पहिलं वाक्य. वन्संचा चेहरा बघून मी गाडीतलं सामान काढायला निघून गेले, कारण मला उगाच रडायची सवय आहे.

सकाळी पावणेसातला कुकर रानात होता. बायकांनी पाणी भरलं, जाळ घातला. गिऱ्हाईक हाताची घडी घालून बांधावर उभं होतं. वाफ धरायला लागल्यावर मामांनी न राहवून व्हॉल्व्हला हात घातला.

"बाबा," वन्सं म्हणाली, "आदी काटा बगा. मग हात लावा."

मामांनी हात मागे घेतला. काटा बघितला. "व्हय," म्हणाले, "वाफ आजून कमी हाय," आणि मागे सरकून उभे राहिले. बांधावरच्या माणसानं हाताची घडी सोडली. पहिला ड्रम उघडला तेव्हा हळदीचा जो वास सुटला, तो लिहिता येणार नाही, त्यासाठी तुम्हाला फेब्रुवारीत तिकडे जावं लागेल.

दुपारी मी निघाले. मामांची पिशवी आणायला गेले तर ती खुंटीवरच. "मी ऱ्हातो चार दीस," ते म्हणाले. मी एकटीच परत आले, मोकळी गाडी, हलका घाट. सांगायचं तर गाडीत फार शांत वाटत होतं, आणि ते मला आवडलं नाही. साताऱ्यात मिस्त्रीनं गिअरबॉक्सचं तेल काढून दाखवलं, लाल असायला हवं ते तपकिरी झालं होतं. बदललं. गिअरबॉक्स वाचला. तुम्ही ट्रेलर ओढणार असाल तर निघण्याआधी तेल बघा, आणि परतल्यावर पुन्हा बघा.

आता तीन आठवडे झालेत. काल महेश घरी आला आणि त्यानं विचारलं, "बाबा अजून आले नाहीत?"

"नोकरीला लागले," मी म्हणाले.

त्याला पटेना म्हणून मी स्पीकरवर फोन लावला. मागे बायकांचा गलका, कुणीतरी हसत होतं. मामा म्हणाले, "पाच गिऱ्हाईकं झाली. शालन म्हंती काटा बगाय माज्याशिवाय कुनी नगं." मग पलीकडून वन्संची हाक आली, "बाबा!" आणि मामा आमच्यावरच खेकसले.

"ठिवा फोन. वाफ आली."