डायवरचं गाऱ्हाणं

सगळे त्याला डायवर म्हणत, मीही तेच म्हणायचो. तळेऱ्याला रस्त्याचं काम चाललं होतं, तेव्हा आमचा रोलर वाहून नेणारा ट्रेलर तो ओढायचा. तसा धीट माणूस. पण लॉरीला ट्रेलर जोडताना केबिनचं दार उघडं ठेवायचा आणि एक पाय बाहेर. लॉरी मागे घेताना तोंडाने गाऱ्हाणं चालू असायचं.

"बा देवा म्हाराजा, ही लॉरी सरळ जावंदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" भोवतीचे आम्ही सगळे म्हणायचो. हे ऐकल्याशिवाय तो चाक हलवत नसे.

एकदा कोणीतरी ट्रेलर पुढच्या पायांवर फार उंच उभा करून गेलं. असा ट्रेलर लॉरीच्या मागच्या, जोडायच्या खटक्यात बसत नाही, वरून सरकून थेट केबिनवर येतो. डायवरने हँडल फिरवून तो खाली घेतला आणि गाऱ्हाणं घालत मागे येऊ लागला. त्याच लयीत त्याने विचारलं, "ट्रेलर टेकलो काय रे?"

"होय म्हाराजा!" आम्ही ओरडलो.

त्याला काय वाटलं कोण जाणे, तो थांबला, खाली उतरला आणि ट्रेलर आणि लॉरीच्या मधल्या फटीत हात घातला. अख्खी मूठ आत गेली.

तो रागावला नाही. ट्रेलर आणखी खाली घेतला, वर चढला, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ह्येंच्या होयवर माका सोडू नको रे म्हाराजा!"

कोणाचंच तोंड उघडेना. इंजिन चालू ठेवून, एक पाय बाहेर टाकून, तो आमच्याकडे बघत थांबून राहिला.