पाच गुणांचा प्रश्न

अभ्यासाला असलेल्या इंग्रजी कादंबरीत निर्दोष काळ्या माणसाला शिक्षा होते. वाचनालयातल्या प्रतीत त्या पानाच्या कडेला कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय : ‘पाच गुण, नक्की येणार.’ मी ते पान धाकट्या बहिणीला मराठीत सांगत होते. आई शेजारी ज्वारी निवडत होती.

“पण ताई, त्यानं काही केलंच नव्हतं ना?”

“केलं नाही म्हणून कोण सोडतं, बाई?” आई मान वर न करता म्हणाली. गावात तिच्या ओंजळीत अजून वरूनच पाणी ओततात.

असं मीही कधी विचारलं असेल बहुतेक, आठवत नाही. बहीण सुपातले खडे वेचू लागली. पेन्सिलीची ओळ खोडावीशी वाटली, पण राहू दिली. परीक्षेत उत्तर मलाही लिहायचंय.