ओढा भरला त्या सोमवारी

त्या वर्षी माझं देवावरून मन उडालं होतं. विद्यापीठाच्या नामांतराच्या गदारोळात जवळच्या एका गावातून काही दलित कुटुंबांना रातोरात बाहेर पडावं लागलं होतं. ती आमच्या शिवारात, आंब्याखाली भिजत बसली होती. गायरानाच्या कडेला झोपड्या टाकू द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं. त्याचा निर्णय सोमवारी संध्याकाळी पारावर व्हायचा होता. आमच्या घरात रोज शिवाचं भजन व्हायचं, सगळे जीव त्याचेच असं आम्ही टाळ्या वाजवून म्हणायचो. आणि भजन आटोपलं की माझे सासरे, अप्पा, ओसरीवर बसून म्हणायचे, "भटाला दिली ओसरी, भट हळूहळू पाय पसरी. आज झोपडी मागायलेत, उद्या शिवार मागतील." अप्पांचं किराणा दुकान होतं, शेती होती, गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं. ते नाही म्हणाले की गाव नाही म्हणणार, हे ठरलेलंच. मी बिदरकडून सून होऊन इथं आलेली. नव्या गावात पाय ठेवायला जागा मिळणं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. मला अप्पांचा राग यायचा, आणि त्यांच्या शिवाचाही.

सोमवार श्रावणातला होता. आम्हा लिंगायतांकडे त्या दिवशी जंगमस्वामी, म्हणजे आमचे गुरू, येतात. त्यांचे पाय धुवायचे, ते पाणी घरादारानं तीर्थ म्हणून घ्यायचं, त्यांना जेवू घालायचं आणि मगच आपण घास घ्यायचा, ही रीत अप्पांनी कधी मोडली नव्हती. पण ओढ्याला पूर आला होता आणि स्वामी पलीकडच्या गावचे. दुपार कलली तरी त्यांचा पत्ता नव्हता. पुरणाच्या पोळ्या निवून गेल्या. अप्पा हातावर इष्टलिंग घेऊन उपाशी बसलेले.

तेवढ्यात दारात घंटा वाजली. स्वामी दारात घंटा वाजवतच यायचे, म्हणून अप्पा धडपडत उठले. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, समोरचं माणूस सावलीसारखं दिसायचं. मी पाहिलं तर दारात एक म्हातारा. अंगावर घोंगडी, खांद्याला झोळी, हातात घंटा. मला वाटलं, स्वामींनी आपल्याऐवजी कुणाला तरी पाठवलं असेल. अप्पांनी त्याला हाताला धरून पाटावर बसवलं, मी परात नि तांब्या आणला. म्हातारा पाय मागं घ्यायला लागला. मोठ्या माणसाचा संकोच म्हणून आम्हाला त्याचं कौतुकच वाटलं. पाय सुजले होते, टाचेत बाभळीचा काटा मोडला होता. तो मी सुईनं काढला. अप्पांनी पाय धुतले, भस्म लावलं, तीर्थ घेतलं, आम्हा सगळ्यांना दिलं. मग त्याच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाले, "स्वामी, आशीर्वाद द्या."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "मी कसला आशीर्वाद देऊ, मालक? मीच मागायला आलोय. त्या आंब्याखालच्या लोकातला हाय मी. सांजच्याला पारावर तुमी बोलनार, म्हनून म्या आधी तुमच्याच पाया पडावं म्हनलं." घंटा त्याच्या बैलाच्या गळ्यातली होती. बैल मागं राहिला, घंटा तेवढी सोबत आली होती. "पाय धुया लागले तवा मला वाटलं, ह्या गावाची रीतच आसंल."

माझ्या हातातली पोळी हातातच राहिली. अप्पांचा चेहरा पांढराफटक झाला होता. माझ्या मनात आलं, आता हे ओरडणार. पण त्यांनी हात जोडले. "तीर्थ घेतल्यावर तुमी कोन, हे इचारायचा हक मला ऱ्हायला न्हाई. बसा. सूनबाई, वाढ." म्हातारा जेवेपर्यंत त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नाही.

संध्याकाळी पारावर अप्पा एवढंच बोलले, "माझ्या दारात पाव्हना जेवून गेलाय. त्याला गावाभायेर काढायला मी हात वर करनार न्हाई." लोक कुजबुजले. एकजण हसून म्हणाला, "अप्पा, तुमची नजर चुकली, ते गावानं का भोगायचं?" अप्पा म्हणाले, "चूक माझी आसंल बाबा. पाठवनाऱ्याची न्हाई." मग एका शेतकऱ्यानं घसा खाकरला. "माझ्याकडं तुराट्या पडून हायेत. भिंतीला होतील." काहीजण रागानं उठून गेले, काहींनी आमचं दुकानही सोडलं. पण झोपड्या उभ्या राहिल्या. दिवाळीपर्यंत त्यांच्या दारात शेणसडा पडायला लागला.

तो म्हातारा शिवच होता का, असं मला बायका विचारतात. मला ठाऊक नाही. तो पोराबाळांचा, थकलेला माणूस होता, एवढं मी पाहिलं. आयुष्यभराची समजूत माणूस घासाघासानं मोडतो, अप्पांनी ती एका घोटात मोडली आणि पुन्हा कधी मागं वळून पाहिलं नाही. त्या घरात मी सून म्हणून आले, याबद्दल मी त्या दिवसापासून देवाचे उपकार मानत आले. पूजेला बसले की मागणंही आता एकच असतं. तुला ओळखण्याची बुद्धी दे, असं मी म्हणत नाही. समोरचा कोण हे कळायच्या आत माझ्या हातून त्याचे पाय धुऊन होऊ देत.