कॅमेऱ्याचा आंतरजातीय विवाह

समस्त वाशिम जिल्ह्याला अत्यंत गांभीर्याने कळवतो, की माझ्या कॅमेऱ्याने आंतरजातीय विवाह केला होता. कॅमेरा एका कंपनीचा, लेन्स दुसरीची. दोन्ही कंपन्यांच्या लेन्सचे फोटो ताडून पाहूनच मी ती निवडली होती.

रिठदच्या एका बागायतदाराला थोरल्या मुलीच्या लग्नात मी काढलेले फोटो इतके आवडले, की धाकटीचं लग्नही त्याने मलाच दिलं. त्या सीझनचं माझं तेवढंच मोठं काम होतं. मग मुलींच्या मामाने लेन्सवरचं नाव वाचलं. "काहून भाऊ, डुप्लिकेट हाय काय?"

काम ‘कंपनीची’, म्हणजे कॅमेऱ्याच्याच नावाची लेन्स वापरणाऱ्या फोटोग्राफरकडे गेलं. पुढे त्याचा अल्बम पाहिला. अंतरपाट सरतानाच्या फोटोत फोकस उडत्या अक्षतांवर होता, नवरी धूसर. मी नवरीवर बोट ठेवताच बाप उसळला, "पोरगी नाई दिसत तं नाई, लेन्स तं कंपनीची हाय ना!"