टाळूवरची गाठ आणि आप्पांचा पुकारा

आप्पांच्या तोंडात टाळूवर आलेली गाठ म्हणजे मिसळीचा चटका, असं निदान मी केलं. औषधाच्या दुकानात काउंटरवर बसून माणूस अर्धा डॉक्टर होतो, असा माझा समज होता.

आप्पा मूळचे सायखेड्याचे, राहायला शहरातल्या द्वारका चौकाजवळ, आमच्या शेजारी. बाजार समितीत कांद्याचा लिलाव पुकारायचे. ट्रॉलीवर हात ठेवून आधी विचारायचे, "मालक कोण?" मालक पुढे आल्याशिवाय पुकारा नाही. सवय घरापर्यंत आलेली. चहात साखर जास्त पडली की कपावर हात ठेवून तेच, "मालक कोण?" मग काकू फणकारायच्या, "मी. प्या गुमान."

"दुखतं का?" टाळू बघून मी विचारलं होतं.

"नाय."

"मग काही नाही. तूप लावा."

दिवाळीपासून होळीपर्यंत त्यांनी तूप लावलं. गाठ वाढतच राहिली, तेव्हा काकूंनी त्यांना दवाखान्यात नेलं. बरोबर मीही. तुकडा तपासला. कॅन्सर निघाला, तोही लाळेच्या बारीक ग्रंथीचा.

"तंबाखू किती?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"सुपारीबी नाय खाल्ली कधी."

माझा हात आपोआप खिशातल्या पुडीवर गेला.

बाई म्हणाल्या, "ओठ, गाल, टाळू, सगळीकडे अशा शेकडो ग्रंथी असतात. क्वचित एखादीत असं होतं. का, ते नक्की सांगता येत नाही. आणि बऱ्याचदा दुखतही नाही."

आप्पांनी टेबलावर हात ठेवला. "मग मालक कोण याचा?"

"कोणीच नाही."

"बिनमालकाचा माल मी आजवर पुकारला नाय, बाई."

बाई माझ्याकडे बघू लागल्या, मी आप्पांकडे. पुडी माझ्या खिशात आणि गाठ त्यांच्या तोंडात, हा हिशोब मला आजही लागलेला नाही.

टाळूचा भाग काढला, भोकावर कवळीसारखी प्लेट बसवली. ती नसली की शब्द नाकातून यायचे. "पुकारा गेला तर मी कोण रे?" आप्पांनी मला एकदाच विचारलं. मी प्लेट धुऊन त्यांच्या हातात दिली.

उन्हाळी कांदा आला तसे ते ट्रॉलीपाशी उभे राहिले. आवाज जरा गेंगाणा. एक व्यापारी हसला. आप्पा म्हणाले, "आवाजाचा मालक मी हाय. तू बोली बोल." बोली लागली.

काही हंगाम त्यांनी असेच काढले. मग ते दुखणं फुप्फुसात निघालं आणि आप्पा गेले.

परवा माझ्या ओठाच्या आत बारीक गाठ लागली. सवयीने काकूंना सांगायला गेलो. "दुखत नाही हो," मी म्हणालो.

काकूंनी भाजी निवडता निवडता मान वर केली. "मग डॉक्टरकडं जा. तुझ्याकडं जाऊ नको."