दिवसाढवळ्या काढलेली नावं

प्रज्ञा गेल्याचा फोन आला तेव्हा मी डोंबिवलीला शाळेत पेपर तपासत होते. "संपलं गं..." एवढंच तिच्या आई, सुमनमावशी, बोलू शकल्या. काविळीचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत ती गेली. चाळिशीसुद्धा गाठली नाही.

कल्याणच्या चाळीत आम्ही शेजारी वाढलो. तिचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. 'क'चं पोट किती फुगवायचं, अक्षराला सावली कुठल्या बाजूने द्यायची, हे ती त्यांच्याशेजारी बसून शिकली. फ्लेक्स आले आणि काकांचं काम बसलं. प्रज्ञा आर्ट कॉलेजात गेली, तर तिथले सर म्हणाले, "हे पेंटरचं काम झालं, चित्र नव्हे." दोन वर्षं ती मान खाली घालून इतरांसारखं काढत राहिली. मग एकदा म्हणाली, "वैशू, ह्यात मी कुठेच नाहीये. बास झालं."

मावशी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पॅकिंगला होत्या. त्यांना डबा द्यायला गेलेली असताना तिला दिसलं, की गल्लीभर पाट्यांवर मालकांची नावं, मालकांच्या मुलांची नावं. आत राबणाऱ्या एकाही बाईचं नाही. दुसऱ्याच दिवशी तिने कारखान्यासमोरच्या भिंतीवर वडिलांच्या वळणाची पुरुषभर उंच अक्षरं काढायला घेतली. सुमन, शेवंता, नसीम... आणि प्रत्येक अक्षराच्या पोटात त्या त्या बाईचे हात, खोकी बांधणारे.

"रात्री काढ की, कोणी बघणार नाही," मी म्हटलं.

"का? चोरी करतेय का मी?"

सुपरवायझर धावत आला. "परमिशन आहे का?"

"इथे थुंकणाऱ्यांना विचारलंत कधी?"

भिंतीला चुना फासला गेला. तिने पुन्हा काढलं, पुन्हा पुसलं गेलं. तिसऱ्यांदा मात्र जेवणाच्या सुट्टीत बायकाच बाहेर आल्या. नसीमआपांना लिहिता येत नव्हतं. प्रज्ञाने खडूने अक्षर आखून दिलं, ब्रश त्यांच्या हातात ठेवला आणि मागे सरली. "आपलं नाव आपण काढायचं, आपा." त्यानंतर तिच्या हयातीत त्या भिंतीला कुणी हात लावला नाही. ते चित्रच होतं, सर. तुम्हाला दिसलं नाही, एवढंच.

परवा मावशींकडे गेले. मोरीच्या कट्ट्यावर तिचे ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात उभे होते. "मी बदलते त्यातलं," मावशी म्हणाल्या. "वाळले तर कामातून जातील." मग एक रुंद ब्रश फडक्याला पुसून त्यांनी माझ्यासमोर धरला. "पोरगी गेली आणि आठवड्याभरात परत चुना मारला मेल्यांनी. सोमवारी दुपारच्या सुट्टीत ये. माझं नाव मी काढते, तिचं तू काढ."

सोमवारची रजा टाकलीय मी.