अर्ध्या दिवसाची पडकई

आमच्या वाडीवर शाळा आली ती एसटीतून, बाईंच्या मांडीवर. नव्वदचं दशक सरत आलं होतं. कळंबच्या एका शेतकऱ्याची ही लेक गुंडाळीचा फळा सांभाळत आहुप्याच्या गाडीतून उतरली, तिने देवळाच्या ओसरीवर तो खिळ्याला टांगला आणि झाली शाळा सुरू. त्याआधी शाळा खालच्या गावात, ओढ्यापलीकडे. ओढा भरला की तिचं नाव काढायचं नाही. आता ती हाकेच्या अंतरावर आली आणि तरीही मी बाहेरच, कारण त्या उन्हाळ्यात आमच्याकडे पडकई निघाली होती.

पडकई म्हणजे डोंगरउतारावर दगडांचा बांध घालायचा, त्यामागे माती भरायची आणि भाताचं खाचर तयार करायचं. हे एकट्यादुकट्याचं काम नाही. आज सगळी वाडी तुमच्या रानात, उद्या आमच्या. मजुरी नाही, जेवण घालायचं. कुणी तुमच्याकडे येऊन गेलं की तुम्ही त्याच्याकडे जायचंच. हे चुकवणाऱ्याला वाडीत कुणी विचारत नसे.

वाडीने येऊन आमचा बांध उभा करून दिला होता. माती भरायचं काम आमचं आम्हाला उरलं. वडील खणत, आई घमेली वाही आणि मी धाकट्या भावाला कडेवर घेऊन पाणी पुरवत असे. देवळातले पाढे तिथवर ऐकू यायचे. भावाला थोपटत मीही ते म्हणायचे. तीनचा पाढा संपेस्तोवर तो झोपायचा, मी मात्र पुढे ऐकत राहायचे. मला शाळा हवी होती. इतकी, की रडू यायचं आणि वडिलांचा रागही यायचा.

बाई घरी येऊन गेल्या. शिक्षणाचं महत्त्व वगैरे त्यांनी नीट सांगितलं. वडिलांनी मान डोलावली, गुळाचा चहा पाजला आणि सकाळी मला पुन्हा रानात नेलं. असं बऱ्याचदा झालं. चहा तेवढा संपला.

मग एका दुपारी, सकाळची शाळा सुटल्यावर, बाई पदर खोचून थेट रानात आल्या आणि त्यांनी आईच्या हातातलं घमेलं घेतलं.

“अवो बाई, ह्ये काय?” वडील गडबडले.

“पडकईला आलेय, भाऊ.”

“तुमचं खाचर कुठंय हितं?”

“माझं खाचर देवळाच्या ओसरीवर. तिथं एक माणूस कमी पडतंय. आज मी तुमच्याकडे, उद्या तुमच्या घरचं एक माझ्याकडे.”

वडील पेचात पडले. पडकईला आलेल्याला परत पाठवता येत नाही आणि त्याची फेडही बुडवता येत नाही. कुदळीवर हनुवटी टेकून त्यांनी बराच विचार केला.

“पर तुमी आलाय अर्धा दिस,” ते म्हणाले. “तवा पोरगी बी अर्धाच दिस येईल.”

“चालेल की. शाळा अर्ध्याच दिवसाची आहे.”

आई तोंडाला पदर लावून हसली. वडील मुकाट खणायला लागले.

असा आमचा व्यवहार सुरू झाला. सकाळी मी भावासकट शाळेत, दुपारी बाई आमच्या रानात. भावाने पहिल्याच दिवशी खडू खाल्ला. बाईंनी त्याच्या हातात कैरीची फोड दिली आणि शिकवणं पुढे चालू ठेवलं. वाडीतल्यांना तर आयतीच करमणूक मिळाली. येता-जाता वडिलांना विचारायचे, “काय राव, बाई सालानं ठिवलीत का काय?” वडील हसत नसत. पण बाईंनी घमेलं काठोकाठ भरलं की ओरडत, “अर्धंच भरा, कंबर धरंल!”

खाचर भरत आलं तशी मी उरलेली घमेली मोजायला लागले. माती संपली की बाईंचं येणं संपणार आणि माझी शाळाही. हे आईच्याही ध्यानात आलं असणार, कारण ती एकाएकी फार बारकाईने काम बघायला लागली.

“हितं बांधाला पोट आलंय,” एक दिवस म्हणाली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, “त्या कोपऱ्यात माती बसलीया.”

वडिलांना त्या बांधाचा कोण अभिमान! त्यावर शेळीने पाय ठेवला तरी दगड भिरकावायचे. ते लगबगीने जाऊन बघायचे. त्यांना पोट काही दिसायचं नाही. ते आईकडे बघायचे, आई आभाळाकडे बघायची. मग बाईंना म्हणायचे, “या उद्या.”

एका दुपारी मात्र आईलाही काही सापडेना. खाचर परातीसारखं सपाट झालं होतं. बाई रिकामं घमेलं घेऊन उभ्या राहिल्या.

“झालं की हो, भाऊ. छान झालं,” त्या म्हणाल्या, पण आवाज पडलेला होता. मी भावाला इतकं घट्ट धरलं की तो रडायला लागला.

वडील बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. दगडांवरून हात फिरवत परत आले आणि मधोमध थांबले. तिथला सगळ्यात वरचा दगड त्यांनी स्वतः बसवला होता. त्यांनी त्यावर टाच टेकवली आणि जोर लावून तो ढकलला. दगड गडगडत खाली गेला, त्याच्यामागे आणखी काही गेले आणि भरलेली माती भसाभसा सुटली.



“ढासाळला बगा,” वडील बाईंकडे न बघता म्हणाले. “आता लई काम निघालं. पोरगी यील उद्या.”